फॅक्टोरियल: गुणायच्या आधी काय कटतंय ते बघा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

अकरावीला परम्युटेशन-कॉम्बिनेशन सुरू झालं की आकड्यापुढे उद्गारचिन्ह दिसू लागतं. पुढे स्पर्धा परीक्षा असो, संख्याशास्त्र असो की प्रोग्रॅमिंग, ते पुन्हा पुन्हा समोर येतं. व्याख्या एका ओळीत संपते. चुका होतात त्या नंतरच्या आकडेमोडीत, आणि त्यातल्या बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. त्या एका जागी याव्यात म्हणून हा धागा.

५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. दिलेल्या संख्येपासून एकेक कमी करत १ पर्यंत यायचं आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. वाचायचं ‘पाच फॅक्टोरियल’. मराठी परिभाषेत याला क्रमगुणित म्हणतात. हे चिन्ह क्रिस्तियाँ क्रांप या गणितज्ञाने १८०८ मध्ये वापरलं. जुन्या बीजगणिताच्या पुस्तकांत आकड्याच्या डावीकडे उभी आणि खाली आडवी रेघ अशी इंग्रजी ‘एल’सारखी खूण असते, तिचा अर्थही हाच.

इतक्या किमती तोंडपाठ असाव्यात:

१! = १
२! = २
३! = ६
४! = २४
५! = १२०
६! = ७२०
७! = ५०४०
८! = ४०३२०
९! = ३६२८८०
१०! = ३६२८८००

दहाचा लक्षात राहत नसेल तर एक खूण: १०! सेकंद म्हणजे बरोबर सहा आठवडे. ४२ दिवस × ८६४०० सेकंद करून बघा, एक सेकंदही इकडेतिकडे होत नाही.

अर्थ मांडणीचा आहे. फळीवर पाच वेगळी पुस्तकं लावायची: पहिल्या जागेला पाच पर्याय, एक ठेवलं की दुसऱ्या जागेला चार, मग तीन, दोन, एक. प्रत्येक पर्यायासोबत पुढचे सगळे पर्याय येतात म्हणून गुणाकार. बेरीज का नाही हा प्रश्न वर्गात हमखास येतो. तीन पुस्तकांच्या मांडण्या कागदावर लिहून काढल्या की सहा भरतात, आणि प्रत्येक पहिल्या पुस्तकाखाली दोन-दोन ओळी दिसतात. शंका तिथेच मिटते.

---

छेदअंश

चांगला धागा. मी आकडेमोडीच्या बाजूने भर घालतो.

सगळ्यात उपयोगी नातं हे: एन! = एन × (एन − १)!. म्हणजे मोठा फॅक्टोरियल उलगडताना १ पर्यंत जायची सक्ती नाही, हवं तिथे थांबता येतं. १०! ÷ ८! दिसलं की वरचा १० × ९ × ८! असा लिहायचा, ८! कटतो, उत्तर ९०. १००! ÷ ९८! = १०० × ९९ = ९९००. इथे कुणी १००! काढायला बसला तर १५८ अंकी संख्या लिहावी लागेल.

उत्तरपत्रिकेत दिसणाऱ्या चुका:

६! ÷ ३! = २! असं लिहिलं जातं. खरं उत्तर ६ × ५ × ४ = १२०. उद्गारचिन्ह आकड्याला चिकटलेलं आहे, ते दोन्हीकडून काढून उरलेल्यांचा भागाकार करता येत नाही.

३! + २! = ५! हेही चूक. ६ + २ = ८, १२० नव्हे. बेरजेत सामाईक अवयव बाहेर काढायचा: ८! + ७! = ७! × (८ + १) = ५०४० × ९ = ४५३६०.

(२एन)! आणि २ × एन! यांत गल्लत होते. एन = ३ घेतलं तर पहिलं ७२०, दुसरं १२. कंस कुठे आहे ते दोनदा वाचा.

गुणाकाराचंही तसंच, ३! × २! म्हणजे ६! नव्हे. मात्र ३! × ५! = ६! आणि ६! × ७! = १०! ही दोन खरोखर खरी आहेत. यांच्यावरून नियम बनवू नका, पण पडताळून जरूर पाहा.

आणि ६!! म्हणजे (६!)! नाही. दुहेरी चिन्हात एकाआड एक संख्या घेतात: ६!! = ६ × ४ × २ = ४८, ७!! = ७ × ५ × ३ × १ = १०५.

---

तिसराबाक

० चा फॅक्टोरियल १ का? ‘तसं मानलंय’ एवढंच सांगून पुढे जातात. गुणायला काहीच नाही तर ० यायला हवं ना?

---

छेदअंश

@तिसराबाक, तीन वाटांनी जाता येतं आणि तिन्ही एकाच जागी पोचतात.

उलट चाला. ४! = २४; ४ ने भागलं की ३! = ६; ३ ने भागलं की २! = २; २ ने भागलं की १! = १. आता १ ने भागा, ०! = १.

मांडणीने बघा. फळीवर एकही पुस्तक ठेवायचं नाही, तर फळी किती प्रकारांनी दिसेल? एकाच, रिकामी. रिकामी फळी हीसुद्धा एक मांडणी आहे.

तिसरी वाट सूत्राची. पाचांतून पाच निवडायचे तर प्रकार एकच. निवडीचं सूत्र (एकूण! ÷ (निवडलेले! × उरलेले!)) म्हणतं ५! ÷ (५! × ०!). ०! शून्य धरला तर छेदात शून्य येतं आणि सूत्र कोसळतं.

काहीच गुणलं नाही तर ० हवं असं वाटतं, कारण बेरजेची सवय असते. बेरीज ० पासून सुरू होते कारण ० मिळवल्याने काही बदलत नाही. गुणाकारात काही न बदलणारी संख्या १ आहे, म्हणून गुणाकार १ पासून सुरू होतो.

याच वाटेने आणखी एक पायरी खाली उतरलं की ऋण संख्यांचा फॅक्टोरियल का नाही तेही कळतं: ०! = ० × (−१)! असायला हवं, आणि ० ला कशानेही गुणून १ येत नाही.

---

अंकपाश

हा विषय आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ‘अंकपाश’ नावाचं प्रकरणच आहे. आयडीचं नाव तिथूनच घेतलंय. नियम असा की जितकी स्थानं तितक्यांपर्यंत १, २, ३... यांचा गुणाकार म्हणजे संख्यांचे भेद (वेगवेगळ्या मांडण्या). चिन्ह नाही, बाकी सगळं आजचंच.

त्यातलं एक उदाहरण वर्गात जरूर द्यावं. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, शर आणि चाप. ही आयुधं हातांत बदलून दिली तर मूर्तीचे किती प्रकार? १०! = ३६२८८००. आणि हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख असतील तर ४! = २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्ती मूर्तिशास्त्रात याच चार आयुधांच्या क्रमावरून ओळखतात. चोवीस हा आकडा दोन्हीकडे तोच आहे.

भास्कराचार्य पुढची पायरीही देतात: सगळ्या मांडण्यांनी बनणाऱ्या संख्यांची बेरीज. रीत:

१. भेदांची संख्या काढा.
२. तिला स्थानांच्या संख्येने भागा.
३. अंकांच्या बेरजेने गुणा.
४. जितकी स्थानं तितके एके मांडून त्या संख्येने गुणा.

३, ९, ८ घेऊ. भेद ६, स्थानं ३, भागाकार २. अंकांची बेरीज २०, गुणाकार ४०. ४० × १११ = ४४४०. सहाही संख्या लिहून बेरीज करा, हेच येईल. कारण साधं आहे: प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा येतो, इथे दोनदा. ‘लीलावती’तलंच २ ते ९ या आठ अंकांचं उदाहरण: भेद ४०३२०, आठाने भागून ५०४०, अंकांची बेरीज ४४, आणि आठ एक्यांनी गुणून २४६३९९९९७५३६०. हे सगळे भेद लिहून बेरीज कुणी करणार नाही. रीत असते ती अशाच कामासाठी.

एक सावधगिरी. अंकांत ० असेल तर ही रीत तशीच लावू नका, कारण ० पहिल्या स्थानी आला की संख्या एका अंकाने लहान होते. तशा संख्यांची बेरीज वेगळी काढून वजा करावी लागते.

---

पाटीपेन्सिल

@अंकपाश, फार छान भर. एकच अंक दोनदा आला तर काय हेही त्या प्रकरणात आहे ना?

---

अंकपाश

हो. २, २, १, १ हे उदाहरण आहे. चार स्थानांचे २४ भेद; दोन दोनांची अदलाबदल दिसत नाही म्हणून २! ने भागायचं, दोन एक्यांसाठी पुन्हा २! ने. २४ ÷ ४ = ६. बेरीज ६ ÷ ४ × ६ × ११११ = ९९९९. इथे ६ ÷ ४ पूर्णांक येत नाही म्हणून घाबरू नका. आधी गुणा, मग भागा.

दुसरं, ४, ८, ५, ५, ५: भेद १२० ÷ ६ = २०, बेरीज २० ÷ ५ × २७ × १११११ = ११९९९८८.

---

तिसराबाक

मराठी शब्दांना हे कसं लावायचं? ‘कटकट’चं समजलं, क दोनदा, ट दोनदा, म्हणजे सहा. पण ‘खडखडाट’ मध्ये ‘ड’ आणि ‘डा’ एकच अक्षर धरायचं का?

---

छेदअंश

प्रश्नातच ते ठरवावं लागतं. अक्षर हा घटक धरला तर ख, ड, ख, डा, ट. पाच अक्षरं, ख दोनदा, म्हणून ५! ÷ २! = ६०. ‘ड’ आणि ‘डा’ वेगळे धरायचे, कारण त्यांची अदलाबदल केली की वाचताना शब्द बदलतो. कसोटी तीच: अदलाबदल केल्यावर फरक दिसतो का? दिसत असेल तर भागायचं नाही.

काना-मात्रा सुट्या करून मोजायला गेलं की नुसत्या कान्याने सुरू होणारे ‘शब्द’ मोजावे लागतात, ते निरर्थक. म्हणून मराठी शब्दांवर प्रश्न काढणाऱ्यांनी ‘जोडाक्षर व मात्रा अक्षरासकट हलवावी’ एवढं वाक्य घालावं. नाहीतर दोन उत्तरं बरोबर ठरतात आणि गुण देताना वाद होतो.

---

पाचाचापाढा

आता शेवटच्या शून्यांकडे. ‘१००! च्या शेवटी किती शून्ये?’ हा स्पर्धा परीक्षांचा लाडका प्रश्न.

एक शून्य म्हणजे एक १०, म्हणजे २ × ५ ची एक जोडी. सम संख्या भरपूर असल्यामुळे २ कधी कमी पडत नाहीत, म्हणून फक्त ५ मोजायचे. १०० ÷ ५ = २०. इथेच थांबणं ही नेहमीची चूक. २५, ५०, ७५, १०० यांच्यात ५ दोनदा आहे, म्हणून आणखी ४. एकूण २४.

सोपी सवय: ५ ने भागत जा, बाकी टाकून द्या, भागाकारांची बेरीज करा. १००० → २०० → ४० → ८ → १. बेरीज २४९.

उलटा प्रश्नही येतो: शेवटी बरोबर १०० शून्ये असलेला सर्वांत लहान फॅक्टोरियल कोणता? शून्ये साधारण संख्येच्या चौथ्या हिश्शाएवढी असतात, म्हणून ४०० पासून बघा: ८० + १६ + ३ = ९९. पुढचा ५ चा पट ४०५: ८१ + १६ + ३ = १००. उत्तर ४०५.

आणि बरोबर ५ शून्ये? असा फॅक्टोरियलच नाही. २४! ला ४, आणि २५ मध्ये दोन ५ असल्याने २५! ला थेट ६.

१० सोडून दुसरी संख्या दिली की फसगत होते. ‘५०! ला १२ च्या कितव्या घाताने भाग जातो?’ १२ = २ × २ × ३. २ मोजा: २५ + १२ + ६ + ३ + १ = ४७, एका १२ ला दोन लागतात म्हणून २३ पुरतील. ३ मोजा: १६ + ५ + १ = २२. लहान तो घ्यायचा, उत्तर २२. पण ‘१२ साठी नेहमी ३ मोजावेत’ असं पाठ करू नका. ९! मध्ये ३ चार वेळा आहे आणि २ सात वेळा, म्हणजे तीनच जोड्या. तिथे २ कमी पडतात आणि उत्तर ३ येतं. दोन्ही मोजल्याशिवाय पर्याय नाही.

याच जातीचा आणखी एक: १! + २! + ३! + ... + १००! या बेरजेचा एकक स्थानचा अंक? ५! पासून पुढे सगळ्यांच्या शेवटी ० आहे, म्हणून फक्त १ + २ + ६ + २४ = ३३, उत्तर ३. शेवटचे दोन अंक विचारले तर ९! पर्यंत जावं लागतं, बेरीज ४०९११३, उत्तर १३. १२ ने भागून बाकी विचारली तर २४ पासून सगळे कटतात, १ + २ + ६ = ९. तिन्हींत शंभराचं नाव आहे, काम मात्र पहिल्या काही पदांचंच.

---

बिटबाइट

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी.

लूप लावताना सुरुवातीची किंमत १ ठेवा. बेरजेच्या सवयीने ० ठेवली की उत्तर कायम ०. लूप शेवटच्या संख्येपर्यंत, तिला धरून चालला पाहिजे; ‘पेक्षा लहान’ लिहिलं की ५! ऐवजी २४ मिळतो. रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच बोलावतं अशा रीतीने) लिहिलं तर थांबायची अट ० वर ठेवा. १ वर ठेवली आणि कुणी ० दिला तर फंक्शन −१, −२ करत स्टॅक भरेपर्यंत खाली जातं. ऋण संख्या सुरुवातीलाच नाकारा.

खरी अडचण जागेची, म्हणजे आकडा न मावण्याची (ओव्हरफ्लो). ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो, म्हणजे १२! = ४७९००१६०० पर्यंतच. १३! खरा ६२२७०२०८००; जावात साध्या इंटमध्ये काढला तर १९३२०५३५०४ दिसतो. कोणतीही सूचना येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, आकडा ऋणही नसतो. म्हणून ‘ऋण आलं तर ओव्हरफ्लो’ ही तपासणी पुरेशी नाही. १४! सुद्धा धनच येतो, १२७८९४५२८०, आणि तो आधीच्यापेक्षा लहान! पुढे ३४! ला थेट ० मिळतो, कारण ३४! मध्ये २ बरोबर ३२ वेळा आहे: १७ + ८ + ४ + २ + १. वर @पाचाचापाढा यांनी दिलेलीच मोजणी.

६४ बिटांत २०! = २४३२९०२००८१७६६४०००० पर्यंत मावतो. २१! ऋण दिसतो, ६६! शून्य.

उपाय: गुणण्याआधी ‘आतापर्यंतचं उत्तर, कमाल किंमत भागिले पुढची संख्या यापेक्षा मोठं आहे का’ हे तपासा. गुणून झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही, तोवर आकडा बिघडलेला असतो. जावात बिगइंटिजर वापरा. पायथॉनचे पूर्णांक आपोआप वाढतात, तिथे ही अडचण नाही. पण पायथॉनमध्ये रिकर्शनची मर्यादा सहसा १००० असते, म्हणून लूप किंवा मॅथ मॉड्यूलमधलं तयार फंक्शन बरं. ३.११ आवृत्तीपासून ४३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या छापताना एरर येतो, २०००! मध्ये ५७३६ अंक आहेत, तो मोजला जातो पण छापायला गेलं की अडतो. ही मर्यादा सेटिंगने वाढवता येते.

---

ताळेबंद

एक्सेलमध्ये फॅक्ट फंक्शन १७०! पर्यंत बरोबर चालतं, १७१ ला नंबरचा एरर येतो. साधारण वापराला पुरतं.

---

बिटबाइट

@ताळेबंद, ‘चालतं’ आणि ‘सगळे अंक बरोबर’ यांत फरक करायला हवा. एक्सेल १५ सार्थ अंक दाखवतं. २०! चे शेवटची शून्ये सोडून बरोबर १५ अंक आहेत, म्हणून तो अचूक दिसतो. २१! खरा ५१०९०९४२१७१७०९४४००००, पण सेलला नंबर फॉरमॅट दिल्यावर ५१०९०९४२१७१७०९४००००० दिसतो. शेवटून पाचव्या स्थानावरचा ४ गेला. पुढे प्रत्येक फॅक्टोरियलच्या शेपटीला जास्तीची शून्ये येतात. ‘शेवटी किती शून्ये’ याचं उत्तर एक्सेलकडे बघून देऊ नये.

---

ताळेबंद

मान्य, माझं वाक्य दुरुस्त करतो: आवाका १७०! पर्यंत, सगळे अंक २०! पर्यंतच.

एक्सेलबद्दल आणखी दोन गोष्टी. फॅक्टला अपूर्णांक दिला तर ते तो छाटतं, ५.९ दिला तरी १२० येतो आणि चूक लक्षात येत नाही. आणि २०० जणांतून २ निवडण्याचे प्रकार काढायला फॅक्टोरियलचं सूत्र टाईप केलं तर २००! वरच एरर येतो, उत्तर मात्र १९९०० इतकं लहान आहे. त्यासाठी कॉम्बिन फंक्शन वापरा.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरलाही अशीच भिंत आहे. ६९! = १.७११२२४५२४ × १० चा ९८ वा घात, ७०! ला एरर, कारण ज्यांची पट्टी १० च्या शंभराव्या घाताच्या आत संपते त्यांत तो मावत नाही. तिथेही एनसीआरचं (निवडीचे प्रकार काढणारं) बटण असेल तर तेच दाबावं.

---

छेदअंश

बटण नसेल तर हाताने निवड काढायची रीत: एक गुणा, एक भागा.

१० तून ४ निवडायचे. १० × ९ ÷ २ = ४५. ४५ × ८ ÷ ३ = १२०. १२० × ७ ÷ ४ = २१०. प्रत्येक टप्प्यावर पूर्ण भाग जातो, कारण लागोपाठच्या कितीही संख्यांच्या गुणाकाराला तितक्यांच्या फॅक्टोरियलने भाग जातोच. मात्र क्रम पाळा: आधी २ ने, मग ३ ने, मग ४ ने. सुरुवातीलाच ४ ने भागायला गेलात तर अपूर्णांक येतील.

---

अंकपाश

ही रीतही ‘लीलावती’त आहे, सहा रसांच्या उदाहरणासह. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय यांतले एक, दोन, तीन असे रस घेऊन किती मिश्रणं? वर ६, ५, ४, ३, २, १ आणि खाली १, २, ३, ४, ५, ६ मांडायचे, गुणत-भागत जायचं: ६, १५, २०, १५, ६, १. एकूण ६३.

---

पाटीपेन्सिल

हाताने मोठा फॅक्टोरियल काढावाच लागला तर पडताळा कसा घ्यायचा, हे मी लिहितो.

१५! घ्या. १०! पाठ आहे. उरलेले ११ × १२ × १३ × १४ × १५ = ३६०३६०. मग ३६२८८०० × ३६०३६०: आधी ३६०००० ने, १३०६३६८००००००, मग ३६० ने, १३०६३६८०००, बेरीज १३०७६७४३६८०००.

पडताळा तीन पायऱ्यांत. शेवटची शून्ये: १५! ला तीन हवीत, आहेत. अंकांची बेरीज: ६! पासून पुढे ९ ने भाग जायलाच हवा. इथे बेरीज ४५, ठीक. तिसरा पडताळा सर्वांत कडक. १३! पासून पुढे ७, ११ आणि १३ तिन्ही अवयव असतात, म्हणजे १००१ ने भाग जातो. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून वजा-अधिक करा: ० − ३६८ + ६७४ − ३०७ + १ = ०. शून्य किंवा १००१ चा पट आला की पास. दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले तर नऊचा पडताळा ते पकडत नाही, १००१ चा नेहमी पकडतो.

@बिटबाइट यांचा १९३२०५३५०४ यावर टाकून पाहा: अंकांची बेरीज ३२, शेवटी एकही शून्य नाही. दोन्हीकडे नापास.

---

अंदाजपत्रक

सगळे अंक नकोत, फक्त किती अंकी ते हवं असेल तर स्टर्लिंगचं सूत्र. १७३० मधलं, द मॉयव्हर आणि स्टर्लिंग दोघांच्या कामातून आलेलं: एन! साधारण √(२π × एन) × (एन ÷ ई) चा एनवा घात. ई = २.७१८२८.

१००! साठी १० पायाचा लॉग घेऊ. √६२८.३१८५ चा लॉग १.३९९०९. १०० ÷ ई चा लॉग २ − ०.४३४२९४५ = १.५६५७०५५, त्याला १०० ने गुणून १५६.५७०५५. बेरीज १५७.९६९६४. पूर्णांक भागात १ मिळवा: १५८ अंक. लोक १ मिळवायचं विसरतात. १०० चा लॉग २ असतो पण अंक तीन, हे डोक्यात ठेवा.

सूत्र किंचित कमी उत्तर देतं. १० साठी ३५९८६९६ येतं, तूट सुमारे ०.८३ टक्के. उत्तराला (१ + १ ÷ १२एन) ने गुणलं की ३६२८६८५, खऱ्यापेक्षा फक्त ११५ ने कमी.

एक्सेलवाल्यांसाठी: गॅमाएलएन फंक्शनला संख्येत १ मिळवून द्या आणि १० च्या नैसर्गिक लॉगने भागा. १००१ दिलं की १०००! चा लॉग २५६७.६०४६ येतो, म्हणजे २५६८ अंक. १७० ची भिंत इथे आड येत नाही. गॅमा हे फॅक्टोरियलचंच पूर्णांकांपलीकडे नेलेलं रूप आहे, फक्त एकाने सरकलेलं. काही कॅल्क्युलेटर ०.५! ला ०.८८६२२७ दाखवतात ते त्यामुळेच. ती किंमत √π ÷ २ आहे. अर्ध्या पुस्तकाच्या मांडण्या असा तिचा अर्थ लावू नये.

---

तिसराबाक

इतके मोठे आकडे प्रत्यक्षात कुठे लागतात?

---

अंदाजपत्रक

मार्ग आखताना. अष्टविनायकाची यात्रा घ्या. आठ ठिकाणं कोणत्याही क्रमाने: ८! = ४०३२०. परंपरेप्रमाणे मोरगावपासून सुरुवात आणि शेवटी परत मोरगाव, म्हणजे मधल्या सातांचाच क्रम बदलतो: ७! = ५०४०. अंतर तेवढं बघायचं असेल तर सरळ आणि उलट फेरी सारखीच, म्हणून २५२० मार्ग. संगणक हे सगळे डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो.

आता महाराष्ट्राचे ३६ जिल्हे घ्या. ३६! म्हणजे सुमारे ३.७२ × १० चा ४१ वा घात. सेकंदाला अब्ज क्रम तपासले तरी वर्षांच्या मापात ते संपत नाही. म्हणून अशा ठिकाणी सगळे क्रम तपासण्याचा नाद सोडून दुसऱ्या पद्धती शोधतात. फॅक्टोरियलचा अंदाज आधी घेतला की तो निर्णय कोड लिहिण्यापूर्वीच होतो.

---

पाचाचापाढा

एक प्रकार राहिला, तो टाकतो. १, २, ३, ४, ५ हे अंक एकेकदाच वापरून बनणाऱ्या संख्या चढत्या क्रमाने लावल्या तर ३५१४२ कितवी?

डावीकडून एकेक अंक घ्या, उरलेल्यांत त्याच्याहून लहान किती ते मोजा, आणि मागे राहिलेल्या स्थानांच्या फॅक्टोरियलने गुणा. ३ पेक्षा लहान दोन: २ × २४ = ४८. ५ पेक्षा लहान उरलेले १, २, ४: ३ × ६ = १८. १ पेक्षा लहान काही नाही: ०. ४ पेक्षा लहान उरलेला २: १ × १ = १. बेरीज ६७. इतक्या संख्या हिच्या आधी आहेत, म्हणून ही ६८ वी.

---

तिसराबाक

उलट विचारलं तर? १०० वी संख्या कोणती? मी १०० ला २४ ने भागलं, ४ भाग आणि बाकी ४. पुढे तसंच करत ५१४२३ आलं.

---

पाचाचापाढा

पद्धत बरोबर, सुरुवात एकाने चुकली. १०० वीच्या आधी ९९ संख्या आहेत, म्हणून ९९ ला भागायचं. ९९ = ४ × २४ + ३, म्हणून चार अंक सोडून पाचवा: ५. उरले १, २, ३, ४. ३ मध्ये ६ शून्य वेळा, म्हणून पहिला: १. उरले २, ३, ४; ३ = १ × २ + १, म्हणून एक सोडून दुसरा: ३. उरले २, ४. १ × १, म्हणून एक सोडून दुसरा: ४. शेवटी २. उत्तर ५१३४२.

पडताळा: ९६ + ० + २ + १ = ९९ आधी, म्हणजे १०० वी. तुमचं ५१४२३ त्याच्या लगेच पुढचं, १०१ वं.